धातूवर कोरलेले नाव आणि आमचा ‘ळ’

सीमाभागातील मराठीचा प्रश्न म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे बेळगाव, निपाणी, कारवार, भालकी ही नावे येतात. तेथे पाटीवरची मराठी पुसली गेली की ती दुरूनही दिसते, कारण लिपीच बदलते. बालाघाट जिल्ह्यात तसे घडत नाही. येथे मराठी आणि हिंदी एकाच देवनागरीत नांदतात. पाटी देवनागरीतच राहते, अक्षरे ओळखीचीच राहतात, आणि त्यांतून मराठी केव्हा निघून गेली हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, ‘नागपूरकर’मधला दीर्घ उकार ऱ्हस्व होतो. इतक्या बारीक फरकासाठी कोणी मोर्चा काढीत नाही, काढूही नये. परंतु हाच फरक माणसाच्या स्वतःच्या नावात पडतो आणि तो धातूवर कोरून त्याच्या छातीवर लावला जातो, तेव्हा त्याला बारीक म्हणणे आम्हांस जमत नाही.

हे लिहिण्यास निमित्त घडले ते लालबर्रा येथे. बालाघाटहून सिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तहसिलीचे गाव. येथील एका लहान खाजगी रुग्णालयाने आपल्या अठरा कर्मचाऱ्यांसाठी धातूच्या कोरीव नामपट्ट्या करून घ्यावयाचे ठरविले. प्लॅस्टिकच्या खोळीतली छापील कार्डे सहा महिन्यांत पिवळी पडतात, दोरीला लोंबत राहतात, उलटी फिरतात आणि रुग्णाला नावाऐवजी कोरी पाठ दिसते, ही व्यवस्थापकांची तक्रार रास्तच होती. आम्ही भाषेचे काम करतो हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी यादी आमच्याकडे पाठवून ‘एकदा नजरेखालून घाला’ एवढेच सांगितले. यादी रोमन लिपीत होती. पगारपत्रकातून जशीच्या तशी उचललेली, सर्व अक्षरे मोठी. तिचे देवनागरी रूपांतर संगणकाने केलेले शेजारच्या रकान्यात होते. तो रकाना वाचीत असता आम्ही थबकलो.

मुळात नामपट्टी लावायचीच कशाला, हा प्रश्न आधी सोडविला पाहिजे. शोभेसाठी म्हटले तर कोणतीही पट्टी चालेल, नाव कसेही लिहिले तरी बिघडणार नाही. परंतु या देशात नामपट्टीला शोभेपलीकडचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आहे. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्याच्या १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने अटकेसंबंधी जी बंधने घातली, त्यांतले पहिलेच बंधन नामपट्टीचे आहे. अटक करणाऱ्या व चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव व हुद्दा सांगणारी पट्टी असावी आणि ती अचूक असावी, दिसणारी असावी, स्पष्ट असावी, असे न्यायालयाने सांगितले. पुढे हे तत्त्व फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१-ख म्हणून आले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६ व्या कलमातही ते कायम आहे. ज्याच्या हाती दुसऱ्याच्या देहावर काही करण्याचा अधिकार आहे, त्याचे नाव समोरच्याला कळलेच पाहिजे, असा या नियमाचा गाभा आहे. रुग्णालयातील माणसाच्या हातीही असाच अधिकार असतो. सुई कोणी टोचली, औषध कोणी दिले, रक्त कोणी काढले, हे खाटेवरच्या माणसाला नावानिशी सांगता आले पाहिजे. म्हणून पोलिसांसाठी घातलेल्या त्या तीन कसोट्या आम्ही लालबर्र्याच्या पट्ट्यांनाही लावल्या.

पहिली कसोटी अचूकतेची. आमच्या भागात नाव चुकते कोठे? लोक समजतात त्याप्रमाणे ते कोरणाऱ्याच्या हातून क्वचितच चुकते. ते चुकते रोमन लिपीच्या पुलावर. माणूस आपले नाव देवनागरीत बोलतो आणि लिहितो. बँक, विमा, पगारपत्रक यांच्यासाठी ते रोमनमध्ये जाते. नामपट्टी करायची वेळ आली की ते रोमनमधून पुन्हा देवनागरीत आणले जाते. जाताना ‘ळ’ आणि ‘ल’ एकच झालेले असतात, ‘ण’ आणि ‘न’ एकच झालेले असतात, ‘ट’ आणि ‘त’, ‘ड’ आणि ‘द’ यांच्यातली भिंत पडलेली असते, ऱ्हस्व-दीर्घ गळून पडलेले असते. परत येताना यंत्राला जे अधिक ओळखीचे वाटते ते ते लिहिते, आणि मध्य प्रदेशात बसविलेल्या यंत्राला हिंदी अधिक ओळखीची असते. अशा रीतीने ‘काळे’ ‘काले’ होतात, ‘डोंगरे’ ‘दोंगरे’ होतात, ‘कटरे’ ‘कात्रे’ होऊन बसतात. ‘बोपचे’, ‘खोब्रागडे’, ‘गजभिये’ ही बालाघाट, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात घरोघरी ऐकू येणारी आडनावे, परंतु रोमनमधून परत आली की प्रत्येक दुकानात निराळी.

यादीत एका परिचारिकेचे आडनाव असे होते. तिचे माहेर वैनगंगेच्या काठानेच, पण तिरोड्याकडचे. शाळेच्या दाखल्यावर ‘ळ’, लग्नानंतर इकडे काढलेल्या कागदांवर ‘ल’. आम्ही तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘इकडे सगळे ‘ल’च म्हणतात, मी ऐकून घेते. पण लिहायला सांगाल तर ‘ळ’ लिहीन.’ ती एवढे बोलून कामाला निघून गेली. तक्रार नव्हती, मागणीही नव्हती. अठरा जणांत जिला ‘ळ’ हवा होता अशी ती एकटीच. आणि यादीत तिच्या नावापुढे संगणकाने ‘ल’ लिहून ठेवला होता. कोणी दुष्टाव्याने लिहिला नव्हता. तिला कोणी विचारलेच नव्हते.

वास्तविक ‘ळ’ हे अक्षर टंकलेखनास अवघड आहे असेही नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर ज्या कळीवर ‘ल’ आहे, तीच कळ शिफ्ट दाबून वापरली की ‘ळ’ उमटतो. हिंदीचा कळफलक असो वा मराठीचा, जागा तीच. म्हणजे हिंदीच्या यंत्रातही तिचे आडनाव एका बोटाच्या अंतरावर होते. 

येथवर वाचून महाराष्ट्रातील वाचक म्हणतील, मग सर्वांचीच नावे मराठी पद्धतीने शुद्ध करून टाकावीत. आमचा याला ठाम विरोध आहे. त्याच रुग्णालयातील औषधांचा कारभार पाहणारे गृहस्थ पोवार समाजाचे. घरी पवारी बोलतात, कामावर हिंदी, आणि गोंदियाच्या बाजारात उत्तम मराठी. त्यांच्या आडनावाच्या शेवटी ‘ले’ आहे. आमच्यापैकी एकाने सहज सुचविले की हे मुळात ‘ळे’ असणार, तसेच कोरावे काय? त्यांनी नम्रपणे पण स्वच्छ नकार दिला. ‘आमच्या घरात चार पिढ्या ‘ले’च लिहितात. तो हिंदीवाल्यांनी केलेला बदल नव्हे, आमच्या बोलीतला उच्चार आहे. तुम्ही तो मराठी करू नका.’ त्यांचे म्हणणे पूर्णपणे न्याय्य होते. पवारी ही आमच्या जिल्ह्यातील, तशीच गोंदिया, भंडारा व सिवनी जिल्ह्यांतील लाखो लोकांची घरची बोली. मराठीची किंवा हिंदीची बिघडलेली आवृत्ती म्हणून तिच्याकडे पाहण्याची सवय दोन्ही राज्यांनी लावून घेतली आहे. ती चळवळीने तरी सोडली पाहिजे. गोंड बांधवांच्या आडनावांचेही तेच. ‘उइके’ हे आडनाव मध्य प्रदेशात बहुधा ऱ्हस्व लिहितात आणि महाराष्ट्रात बहुधा ‘उईके’. दोहोंपैकी कोणते लिहावे हे ठरविण्याचा अधिकार नागपूरला नाही आणि भोपाळलाही नाही. तो त्या नावाच्या माणसाचा आहे. परिचारिकेचा ‘ळ’ ज्या नियमाने राखला जातो, त्याच नियमाने औषधवाल्या गृहस्थांचा ‘ल’ राखला जातो. नियम एक धरला नाही तर आमच्या मागणीला न्यायाचा आधार उरत नाही, नुसते संख्याबळाचे भांडण उरते, आणि संख्याबळात या जिल्ह्यात आम्ही हरणारच आहोत.

तिसरा प्रसंग याहून अवघड होता. रक्ततपासणी करणाऱ्या तरुणाने पट्टीवर केवळ पहिले नाव असावे अशी इच्छा दर्शविली. कारण विचारण्याची गरज पडली नाही. आमच्याकडे आडनाव ऐकताच समोरचा माणूस जात ओळखतो, आणि ओळखल्यानंतर पाण्याचा पेला कसा धरला जातो हेही पुष्कळांनी पाहिलेले असते. भाषेच्या कार्यकर्त्याला आडनावे प्रिय असतात. त्यांत गावे असतात, व्यवसाय असतात, व्याकरण असते. परंतु ज्याच्या छातीवर पट्टी लागणार आहे त्याला दिवसभर आपली जात वाचून दाखवायची नसेल, तर त्याचे म्हणणे आमच्या आवडीहून मोठे आहे. रुग्णाला ओळख पटविण्यास पहिले नाव व हुद्दा पुरेसा आहे. व्यवस्थापकांनी थोडे कांकू करून हे मान्य केले, आणि मग आणखी चौघांनी तशीच पट्टी मागितली.

एवढ्या साध्या वस्तूबद्दल इतका विचार का करावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर धातूत आहे. कागदावरचे नाव खोडता येते, पडद्यावरचे पुसता येते, कोरलेले राहते. आमच्या जिल्ह्याला हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मँगनीजच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या तिरोडी येथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. दुसऱ्या पृथ्वीषेणाचे ताम्रपट तर अभ्यासकांत ‘बालाघाट ताम्रपट’ म्हणूनच ओळखले जातात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांच्या आपल्या ग्रंथात या ताम्रपटांचा परामर्श घेतला आहे. भाषा संस्कृत, आणि प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लहानशी चौकट असलेली ती पेटिकाशीर्षक लिपी. त्यांपैकी बालाघाटचा लेख अपुराच राहिला आहे. राजांची वंशावळ कोरून झाली, दानाचा तपशील कोरायचा राहून गेला. कोणती जमीन, कोणाला दिली, काही कळत नाही. नावे मात्र दीड हजार वर्षे टिकली. धातूवर कोरलेल्या मजकुराचे असे असते. हेतू विसरला जातो आणि नाव राहते.

राजांचे सोडून द्या. वाचकांच्या घरातील मांडणीवर पाहा. तांब्याच्या घागरीवर, पितळी डब्यावर, स्टीलच्या ताटाच्या काठावर नाव घातलेले असते. भांड्याच्या दुकानात ‘नाव घालून द्या’ म्हटले की दुकानदार ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटवून देतो. लग्नाच्या पंगतीत भांडी एकमेकांत मिसळली तरी संध्याकाळी ज्याची त्याच्या घरी जातात ती त्या ठिपक्यांमुळे. आमच्या घरी आजीची एक पितळी घागर आहे, भंडाऱ्याच्या बाजारातून आणलेली. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे जुने नावाजलेले गाव. घागरीच्या गळ्यावर आडनाव ‘ळ’ने कोरलेले आहे. तिच्यानंतर घरात आलेली, बालाघाटला घेतलेली स्टीलची भांडी शेजारी मांडली तर त्यांवर ‘ल’ आहे. एकाच मांडणीवर, एकाच घराण्याचे नाव, दोन अक्षरांनी. इतिहासाच्या पुस्तकात जे परिच्छेद लागतात ते तेथे दोन भांड्यांत उरकले आहे. १८६७ साली भंडारा, सिवनी व मंडला या जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा करण्यात आला; इंग्रजी अमदानीत तो नागपूर विभागात होता; १९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदीबरोबर मराठीही राज्याची भाषा होती; १ नोव्हेंबर १९५६ नंतर नागपूर, भंडारा तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. घागर आधीची आहे, ताटे नंतरची.

आता दुसरी व तिसरी कसोटी, म्हणजे पट्टी दिसणारी आणि स्पष्ट असावी. हे काम कारागिराचे आहे असे समजून भाषावाले अंग काढून घेतात. ते योग्य नाही, कारण देवनागरीचे निम्मे नुकसान येथेच होते.

पहिली गोष्ट मापाची. बाजारात सर्वत्र मिळणारी पट्टी सुमारे तीन इंच लांब व एक इंच उंच असते. हे माप रोमन मोठ्या अक्षरांना सोयीचे आहे. त्या अक्षरांना वर-खाली काही नसते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार लागतात आणि खाली उकार व जोडाक्षराचा पाय. एक इंचात नाव, हुद्दा आणि संस्थेचे चिन्ह अशा तीन ओळी कोंबल्या की सर्वांत आधी चिरडली जातात ती ही वरची-खालची चिन्हे. ‘डॉ.’मधला अर्धचंद्र भरून जातो आणि ‘डा.’ उरते, अनुस्वार शिरोरेषेला चिकटून नाहीसा होतो. म्हणून आम्ही सुचविले की संस्थेचे नाव पट्टीवर नकोच. ते दारावर आहेच. नाव मोठे, मूळ अक्षर निदान पाच-सहा मिलीमीटर उंच, आणि खाली हुद्दा लहान अक्षरांत. खाटेवर पडलेल्या माणसाला उभ्या माणसाच्या छातीवरचे वाचता आले पाहिजे, हे माप धरले की बाकीचा हिशेब आपोआप जुळतो.

दुसरी गोष्ट कोरण्याच्या पद्धतीची. फिरत्या टोकाने खोल कोरता येते, रंग भरला की अक्षर वर्षानुवर्षे टिकते. परंतु टोकाच्या जाडीहून बारीक रेघ निघत नाही, म्हणून लहान जोडाक्षरे बुजतात. या यंत्रासाठी एकरेघी अक्षरे लागतात आणि रोमनमध्ये तशी तयार मिळतात. देवनागरीचे बहुतेक टंक मात्र बाह्यरेषेचे असल्यामुळे टोक अक्षराच्या कडेने फिरते व पोकळ अक्षर उमटते. आम्ल वापरून पितळेवर कोरण्याची जुनी पद्धत अजून चालते. फेरिक क्लोराइडने उघडा भाग खाल्ला जातो आणि त्यात रंग भरतात. फायबर लेझरने सर्वांत बारीक काम होते. स्टीलवर त्याने काळे, ठसठशीत अक्षर उमटते. पितळेवर तेच अक्षर फिके दिसते, म्हणून रंग भरावा लागतो.

धातूच्या निवडीत आमचे मन पितळेकडे ओढले गेले, हे मान्य केले पाहिजे. मलाजखंडची तांब्याची खाण आमच्याच जिल्ह्यात, पितळेचे गाव भंडारा शेजारी. लालबर्र्याच्या पट्ट्या पितळेच्या असाव्यात हे मनाला शोभून दिसले. परंतु रुग्णालयात पट्टी वरचेवर पुसावी लागते. पितळ घामाने काळवंडते, चिंचेने किंवा पितांबरीने घासले की झळकते, आणि त्याच घासण्याने अक्षरांत भरलेला रंगही हळूहळू निघतो. वरून पारदर्शक लेप दिला तर काही काळ निभावते. स्टीलला यातले काही लागत नाही. शेवटी स्टीलच ठरले. स्वागतकक्षातील मोठी पाटी तेवढी पितळेची.

अडकविण्याचाही विचार करावा लागला. टाचणी कापड फाडते आणि बाळ उचलणाऱ्या परिचारिकेच्या पट्टीची टाचणी उघडी पडणे बरे नव्हे. चुंबकाची पट्टी सोयीची, परंतु ज्याच्या छातीत पेसमेकर आहे त्याने ती लावू नये, आणि तसा रुग्ण उचलताना लावणाऱ्यानेही सांभाळावे. अठरापैकी बहुतेकांनी खिशाला लागणारा चिमटा पसंत केला.

तिसरी गोष्ट संगणकातील अक्षरांची. नमुन्याची पहिली पट्टी आली तेव्हा तिच्यावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली होती आणि शिरोरेषेवर जेथे दोन अक्षरे जुळतात तेथे बारीक कोऱ्या फटी होत्या. असे का होते, हे वाचकांनी समजून घेतले तर त्यांचे पैसे वाचतील. कोरीवकामाच्या पुष्कळ जुन्या आज्ञावलींना देवनागरीची जोडणी कळत नाही. त्या अक्षरे सुटी सुटी मांडतात. मध्य प्रदेशातील छपाईच्या दुकानांत सर्रास चालणारा कृतिदेव टंक दुसऱ्याच्या यंत्रात नसला तर सगळा मजकूर निरर्थक रोमन अक्षरांत दिसतो. उपाय असा की, मजकूर आपण कोरल ड्रॉमध्ये जुळवून त्याचे वक्ररेषांत रूपांतर करावे, एकमेकांवर येणारे भाग वेल्ड करून एकसंध करावेत आणि मगच धारिका कारागिराकडे द्यावी. मग त्याच्याकडे टंक असो वा नसो, अक्षर बदलत नाही. फटीही राहत नाहीत. आम्ही पुढचा नमुना मागविताना कारागिराला चार शब्द लिहून दिले: ‘लालबर्रा’, ‘उज्ज्वला’, ‘सिद्धार्थ’, ‘कुऱ्हाडे’. रफार, तिहेरी जोडाक्षर, ‘द्ध’ आणि मराठीचा अर्धा ‘ऱ्’ या चारांत येतात. हे चार नीट उमटले की बहुतेक सर्व नावे उमटतील.

‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून निराळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढताना मराठी वळणेच नक्की केली, हे आम्हांस ठाऊक आहे. गावाच्या नावातच दोन ‘ल’ असल्यामुळे हा मुद्दा आमच्यापैकी काहींनी काढलाही. आम्ही तो सोडून दिला. वळण बदलल्याने ‘ल’ वाचणारा ‘ल’च वाचतो; नाव बदलत नाही. ‘ळ’च्या जागी ‘ल’ आला तर नाव बदलते. चळवळीने कोठे हट्ट धरावा आणि कोठे धरू नये, याचा हिशेब असाच करावा असे आम्हांस वाटते.

राहिला हुद्दा. सीमेवर नोकरीचे नावही राज्य ओलांडताना बदलते. गोंदियात ज्याला परवापरवापर्यंत तलाठी म्हणत आले, तो इकडे पटवारी. तिकडचा गटविकास अधिकारी इकडे जनपद पंचायतीचा मुख्य कार्यपालन अधिकारी. रुग्णालयात मात्र दोन्ही भाषांना समान असे शब्द पुष्कळ निघाले. ‘परिचारिका’ दोन्हीकडे चालतो. औषधांच्या खिडकीवर मराठीत ‘औषधनिर्माता’ लिहावे असे आमच्या मनात होते, परंतु लालबर्र्याच्या बाजारातून आलेल्या म्हाताऱ्या बाईला तो शब्द ना मराठीत कळला असता ना हिंदीत. ‘फार्मासिस्ट’ असे देवनागरीत लिहिले. नाव ज्याचे आहे त्याच्या मनाप्रमाणे आणि हुद्दा ज्याला वाचायचा आहे त्याच्या ओळखीचा, हा भेद आम्हांस पुढेही उपयोगी पडेल.

महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीने दुकानांच्या पाट्या मराठीत, आणि मराठी अक्षरे इतर लिपीहून लहान नसतील अशा, करणे बंधनकारक झाले. तेथे कायद्याचे बळ आहे. लालबर्र्यात तसे बळ आमच्यापाशी नाही, मध्य प्रदेशची राजभाषा हिंदी आहे आणि खाजगी रुग्णालयाला आम्ही कसलीच सक्ती करू शकत नाही. आमच्यापाशी आहे ते एक पान. कोरायला देण्यापूर्वी प्रत्येक कर्मचाऱ्यासमोर ठेवायचे. त्यावर तीन प्रश्न आहेत. आपले नाव आपण स्वतःच्या हाताने, हवे त्या लिपीत, जसे कोरले जावे तसे लिहा. आडनाव हवे की नको, ते सांगा. आणि संगणकावर जुळवलेला नमुना पाहून, पटला तरच, सही करा. या पानाला ना अनुमती लागते ना अनुदान. अठरा पाने भरून घ्यायला एक दुपार पुरली. अकरा जणांनी नावे यादीतल्याप्रमाणेच ठेविली, एका डॉक्टरांनी रोमन पसंत केली, एकीने ‘ळ’ लिहिला, पाच जणांनी आडनाव गाळले.

सीमेपलीकडील बांधवांना आमची विनंती आहे. तुमच्याकडे गोंदिया, तुमसर, नागपूर येथील रुग्णालयांत, शाळांत, बँकांत बालाघाटची कितीतरी मुले-मुली नोकरीला आहेत. त्यांची पट्टी करताना त्यांच्या ‘ले’चा ‘ळे’ आणि ‘ने’चा ‘णे’ परस्पर करू नका, त्यांना विचारा. तुमच्याकडे यादी रोमनमध्ये येत असेल तर ती परत पाठवा आणि देवनागरीत, माणसाच्या हस्ताक्षरात मागवा. आणि तुमची माणसे इकडे येतील तेव्हा त्यांनी पगारपत्रक भरतानाच, कोणी न विचारता, आपले नाव मराठीत कसे लिहायचे ते एका ओळीत लिहून द्यावे. ज्या संस्थेस आमचे पान हवे असेल तिने ते खुशाल वापरावे, आपल्या सोयीने बदलावे. फक्त सहीची जागा गाळू नये.